पाटलाचा जुळा भाऊ

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करावी, पण हत्यार कशाला म्हणायचं हे आधी ठरवून घ्यावं. सोलापुरात संगप्पाचं पत्र्याचं थिएटर होतं. त्याच्या बायकोनं, गौरम्मानं, तिथलं सिनेमाचं यंत्र पुजलं, इथवर ठीक होतं. मग तिची नजर फिल्मच्या डब्यांवर गेली. कळकट दिसले म्हणून तिनं ते चिंच आणि राखेनं लख्ख घासले, त्यांवर विभूतीचे पट्टे ओढले आणि जो जास्त चकाकला तो सगळ्यांत वर, अशी उतरंड रचली. आतल्या फिल्मला पाण्याचा थेंब लागू दिला नाही, एवढं मात्र मानलं पाहिजे. कुठला डबा आधी आणि कुठला नंतर, हे सांगणारे खडूचे आकडे मात्र मोरीतून वाहून गेले.

यंत्र चालवणाऱ्याचं नाव गुंडा. मालकिणीनं पुजलेली उतरंड मोडायची त्याची छाती नव्हती, आणि फिल्म उजेडात धरून त्यावरची अक्षरं वाचावीत, तर आकड्यांपलीकडे अक्षरओळख नव्हती. त्यानं वरचा डबा उचलला आणि चढवला.

इकडे पडद्याशेजारी महिपती उभा होता. चित्रपट मुका, त्याला वाचा महिपतीची. पडद्यावरच्या पाट्या वाचून, पदरचं मीठमसाला घालून तो मराठीत गोष्ट सांगे आणि मधूनच कानडी-तेलुगूची फोडणी देई. आजचा चित्रपट त्याच्याच शब्दावर लागला होता. करमाळ्याकडच्या धुळाप्पानं मेंढरं विकून, घरचीच माणसं घेऊन तो काढला होता, आणि मोठ्या थिएटरांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं.

"तुझ्या भरवशावर लावतोय, महिपती," संगप्पानं बजावलं होतं. "लोक उठून गेले, तर उद्यापासून पडद्यापाशी दुसरा माणूस."

"आण्णा, लोक उठले तर टाळ्या वाजवायलाच उठतील की."

अंधार झाला आणि पडद्यावर पहिल्या फटक्यात दुष्ट पाटील विहिरीत पडून मेला. नायक ज्ञानबानं बायकोला, अंबूला, आणि धावत आलेल्या लेकराला पोटाशी धरलं. महिपतीनं चित्रपट आधी पाहिला होता. हा शेवट आहे हे त्याला कळलं, पण थांबेल तर तो महिपती कसला. "बघा मंडळी, पापाचा घडा असा भरतो," म्हणून त्यानं पाटलाचं तेरावंसुद्धा उरकून टाकलं.

दुसरा डबा लागला. पाटील मिशीला पीळ देत अंबूच्या दारात उभा.

"आरं, ह्यो तर मेला की," मागून कुणीतरी म्हणालं.

"मेला तो थोरला," महिपती म्हणाला. "हा त्याचा जुळा भाऊ. सूड घ्यायला आलाय."

लोकांना ते पटलं. वाचता येणाऱ्यांनीही डोळ्यांपेक्षा कानांवरच विश्वास ठेवला. पण तिसऱ्या डब्यात ज्ञानबा आणि अंबू मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभे राहिले, आणि बायकांच्या बाजूला बसलेली काशम्मा पदर खोचून उठली.

"पोरगं हाय, बायकू हाय, आन ह्यो दुसरं लगीन करतोय? चला गं, असलं बघाय न्हाय बसायचं."

पाच-सहा जणी उठल्या. दारात संगप्पा उठला.

"बसा मावशी, ज्ञानबा तसला न्हाय," महिपती बिनदिक्कत म्हणाला. "हा त्याचा जुळा भाऊ, आणि नवरी अंबूची जुळी बहीण. त्या गावच्या विहिरीचं पाणीच तसलं हाय."

बायका हसत खाली बसल्या. खेळ संपला तेव्हा थिएटर टाळ्यांनी दणाणत होतं. महिपतीची नोकरी वाचली. बाहेर धुळाप्पानं मात्र त्याची गचांडी धरली.

"माझ्या शिनेमात एकबी जुळं न्हाय. मेंढरं काय ह्यासाठी इकली व्हय मी?"

"लोक बसले की न्हाय शेवटपर्यंत?"

"मला माझा शिनेमा दावायचा हाय. तुजा न्हाय."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, धुळाप्पानं गुंडाशेजारी बसून फिल्म स्वतः बघून डबे ओळीनं लावून दिले. कालची मंडळी घरची माणसं घेऊन आली होती. महिपतीनं खरी गोष्ट खऱ्या क्रमानं सांगितली. लग्न झालं, पाटील छळायला आला, शेवटी विहिरीत पडून मेला. दिवे लागले, पण कुणी जागचं हललं नाही.

"पुढं?" काशम्मानं विचारलं.

"झालं की, मावशी. संपलं."

"संपलं कसं? पाटलाचा भाऊ कुटाय? त्योच दावाय सासूला आनली मी. काल दावलासा, आज गाळलासा?"

चारी बाजूंनी गलका सुरू झाला. संगप्पा महिपतीकडे बघत दारातून पुढं आला. महिपतीनं तोंड उघडलं, पण कालची गचांडी आठवून आधी धुळाप्पाकडे बघितलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून धुळाप्पा उठला. भरलेल्या थिएटरावरून त्यानं एकदा सावकाश नजर फिरवली आणि डोईचा पटका नीट केला.

"बाजाराला गेलाय त्यो," तो म्हणाला. "उद्याच्याला येतोय."

"नक्की येईल न्हवं?" काशम्मानं विचारलं.

"व्हय की. शिनेमा मी काढलाय. मला इचारल्याबिगर कुटं जातोय त्यो."