कैदेतली खुर्ची

आमच्या पोखर्णीत मारोतराव मेजरांच्या अंगणात लिंबाच्या झाडाला एक खुर्ची साखळीनं बांधलेली असायची. घडीची, लोखंडी, निळी-हिरवी रंगवलेली. तिच्यावर कुणी टेकायला गेलं की मेजर घरातूनच ओरडायचे, "ऊठ! कैदी हाय ती!"

रोज सकाळी तिला स्वतः फडक्यानं पुसायचे. ऊन फिरलं की सावलीत सरकवायचे. "कैद्याचे हाल करायचे न्हाईत," म्हणायचे. आम्हा शेजाऱ्यांना मात्र बोलता बोलता खुशाल उन्हात उभं ठेवायचे.

मेजर म्हणजे खरे हवालदार. पण फौजेतून आलेला माणूस गावात मेजरच असतो. सिग्नल रेजिमेंटमध्ये ते टेलिफोनच्या तारा ओढायचे. छावणीत भिंतीपलीकडे दुसरी सिग्नल रेजिमेंट, अन् तिच्यात आपल्याच जिल्ह्यातले चारठाण्याचे दत्तराव, वायरलेसवर. मेजर त्यांना "हवेत गप्पा मारणारा" म्हणायचे, ते मेजरांना "खांबावरचं माकड". मेजरांनी एकदा तारा अशा जोडल्या, की पलीकडच्या साहेबांना फोन लावला की जवानांच्या लंगरातला आचारी उचलायचा. साहेबांची बायको आचाऱ्यालाच विचारत बसली, जेवायला कधी येता म्हणून. मग दत्तरावांनी व्हॉलीबॉलच्या मैदानावरचा भोंगा ताब्यात घेतला आणि सामना सुरू व्हायच्या आधीच आपला संघ जिंकल्याचं जाहीर करून टाकलं.

खरी इज्जत मात्र चोरीत. समोरच्याची वस्तू दिवसाढवळ्या उचलायची. ज्याची गेली त्यानं एकतर ती परत चोरून न्यायची, नाहीतर मटणाचं जेवण घालून सोडवायची. मागायची नाही.

दोघं निवृत्त झाले, खेळ मात्र निवृत्त झाला नाही. एकदा दत्तरावांनी मेजरांच्या अंगणाचं फाटकच उचलून नेलं. गावातली कुत्री खुशाल स्वयंपाकघरापर्यंत यायला लागली, तेव्हा मेजरांनी दात-ओठ खात जेवण घातलं. त्याचा सूड म्हणून ही खुर्ची. दत्तरावांना रेजिमेंटनं निरोपाला दिलेली, जिवापलीकडे जपलेली. माझ्या टेम्पोत कडब्याखाली दडवून आणली आम्ही. दुसऱ्या दिवशी दत्तरावांचा फोन आला, "सांभाळ तिला. यायलोच न्यायला."

ते आलेच नाहीत. अंगणात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि गेले.

मेजर मातीला जाऊन आले. चौदाव्याच्या आधी दत्तरावांचा थोरला मुलगा आला. "काका, खुर्ची द्या. बाबांचा फोटो ठिवायचाय तिच्यावर."

"मागून न्हाई मिळत."

"काका, बाबा गेले आता!"

"गेला म्हणून काय झालं? हारला का? फोटो ठिवला की झालं, संपलं सगळं. मी न्हाई संपवायचो. न्यायची तर चोरून न्या!"

पोरगा डोळे पुसत निघून गेला. गावानं तोंडात शेण घातलं मेजरांच्या. सरपंच समजवायला आले, त्यांनाही उभ्या उभ्या वाटेला लावलं. मलाही राग आला होता. मेलेल्या माणसाशी कसली आलीय चढाओढ?

मग एका शनिवारी भर दुपारी दत्तरावांची बायको, पार्वतावहिनी, एसटीतून उतरल्या. आमच्या गावच्या नरसिंहाच्या दर्शनाला आल्या असतील, असं मला वाटलं. पण देवळाची वाट सोडून त्या सरळ आमच्या गल्लीत शिरल्या. मेजर अंगणात बाजेवर आडवे झालेले. वहिनींनी पदर खोचला आणि खुर्चीकडे निघाल्या. पाय लागून बादली एवढ्या जोरात गडगडली की मी माझ्या ओट्यावर दचकलो. मांजराच्या पावलानं जागे होणारे मेजर हलले नाहीत. साखळीला कुलूपही नव्हतं. कधी काढलं होतं कुणास ठाऊक. वहिनींनी खुर्ची मिटली, काखेत मारली आणि चालू लागल्या. मी ओट्यावरून सगळं बघत होतो, पण हाक मारावीशी वाटली नाही.

त्या स्टँडच्या वळणापलीकडे गेल्या आणि मेजर ताडकन उठले. "चोर! चोर! दिवसाढवळ्या लुटलं की मला!" अख्खी गल्ली गोळा झाली. मेजर शिव्या देत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला त्यांच्याबद्दल इतकी माया पूर्वी कधी वाटली नव्हती.

लोक पांगल्यावर मी जवळ गेलो. "मेजर, टेम्पो काढू का? स्टँडवरच असतील अजून."

"नगं," ते म्हणाले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "लय दिसांनी घराच्या भायेर पडल्यात वैनी. जिंकून चालल्यात, जाऊ दे. आठ-पंधरा दिस बसू दे खुर्चीत निवांत. मग जाऊ चोरायला."