नामाकाकांची चढती बातमी

"शेठ, काचेत अक्षरं उलटी दिसतायत!" जुनेरा किंचाळली तेव्हा थेट बातमीपत्राला उरली होती फक्त अकरा मिनिटं.

कोळेबंदरच्या 'किनारा वार्ता' या केबल वाहिनीवर टेलिप्रॉम्प्टर चालवायचा तिचा हा पहिलाच दिवस. काम दिसायला सोपं. कॅमेऱ्यासमोर तिरकी काच, खाली टॅब. टॅबवरची बातमी काचेत उमटते आणि जुनेरा हातातल्या मोबाइलवरून ती सरकवत राहते. मालक चिरागशेठनी सकाळीच बजावलं होतं, "आज बिनचूक गेलं तर नोकरी पक्की, बेन. चुकलं तर राम राम!" आणि अम्मीनं नोकरी पक्की झाल्याचं कालच मोहल्लाभर सांगून टाकलेलं! कुवेतचे मामूसुद्धा मोबाइल उघडून बसले होते.

सेटिंगमधलं 'आरसा' हे बटण सापडलं, अक्षरं सुलटी झाली आणि तिच्या जिवात जीव आला. तोही जेमतेम मिनिटभर. कारण रोज बातम्या देणाऱ्या हेतलताईंचा घसा बसला होता, आणि शेठनी त्यांच्या खुर्चीत बसवलं होतं बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या नामाकाकांना.

"पोरी, मना काय दिसत न्हाय."

"चष्मा लावा ना, काका!"

"टीव्हीवर चष्मा? सगला बंदर हसंल!"

जुनेरानं अक्षरं मोठी केली. आणखी मोठी केली. शेवटी एका ओळीत दोनच शब्द मावायला लागले, म्हणजे ओळी पळवणं आलं. तिला शिकवलं होतं की वाचणाऱ्याच्या वेगानं मजकूर सरकवायचा. काकांना शिकवलं होतं की मजकुराच्या वेगानं वाचायचं. हे एकमेकांना सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

'नमस्कार'पर्यंत सगळं ठीक होतं. मग एक ओळ निसटली म्हणून काकांनी घाई केली. काकांनी घाई केली म्हणून जुनेरानं वेग वाढवला. वेग वाढला म्हणून काका सुटले, आणि काका सुटले म्हणून तीही सुटली! दहा मिनिटांचं बातमीपत्र पाच मिनिटांत संपलं. काच कोरी झाली. काका घाम पुसत कॅमेऱ्याकडे बघत बसले.

"या अल्ला!" जुनेरा पुटपुटली. अजून पाच मिनिटं, आणि तिकडे मामू बघतायत! तिनं डोळे मिटून सापडेल ते बटण दाबलं. ते नेमकं 'सुरुवातीपासून' निघालं.

काका डगमगले नाहीत. तेच तेच पुकारण्यात त्यांचा जन्म गेलेला. अडचण एवढीच की लिलावात तोच आकडा दुसऱ्यांदा कुणी पुकारत नाही.

"उद्या सकाळी दहापासून दुरुस्तीसाठी वीज अडीच तास बंद!"

जुनेरानं काच पाहिली. तिथं स्वच्छ 'दोन' होतं. तिनं घाबरून दोन बोटं वर केली. वर आलेला हात दिसताच काकांना चेव चढला.

"तीन तास!"

तिनं दोन्ही हात हलवून नको नको केलं.

"चार! चार तास एक वार! चार तास दोन वार! चार तास... तीन वार!" काकांनी टेबलावर थाप मारली आणि बातमीपत्र संपलं.

शेठ आतल्या खोलीतून बाहेर आले. "वीज कार्यालयाच्या साहेबांचा फोन होता. फार तापलेत. उद्या संध्याकाळी ये, बोलू." अम्मीला काय सांगावं ते जुनेराला कळेना.

दुसऱ्या दिवशी दहाला वीज गेली. बारा वाजले, आली नाही. एक वाजला, नाही. बरोबर दोनला पंखा फिरायला लागला. ज्यांनी काकांचं ऐकून चार तासांचा बर्फ आणून ठेवला होता, त्यांची मासळी वाचली. बाकीचे साहेबांच्या नावानं खडे फोडत बसले.

संध्याकाळी जुनेरा मान खाली घालून स्टुडिओत गेली. काका शेठच्या शेजारी चहा पीत बसले होते.

"बेन, नोकरी पक्की!" शेठ म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. साहेबच होते, पण आवाज आज अगदी मऊ.

"परवा पुन्हा वीज बंद ठेवायचीय. बातमी पाठवतो. पण त्याआधी जरा नामाशेटना विचारता का, किती तास लिहू?"

काकांनी बशी खाली ठेवली, घसा साफ केला आणि जुनेराकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात पटकन ओढणीखाली लपवले.