घाटात उतरवलेला पाशिंजर

टक.

एवढाच आवाज. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, पण पांघरुणाखाली. तो पहिल्यांदा ऐकला त्याला वीस वर्षं होऊन गेली. पण अजून कुणी दाराची कडी लावली तरी माझा हात खिशाकडे जातो. (खिशात काय होतं, ते पुढं येईल. मला सांगायला वेळ लागतो.)

मी बावीस वर्षं जव्हार-मोखाडा जीप चालवली. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर येतील त्या दिवशी. माणसांचं बोलणं मला उशिरा कळतं, पण इंजिनाचं लगेच कळतं, असं स्टँडवर सगळे म्हणायचे. मी कधी नाही म्हटलं नाही. माझी चूक तिथूनच सुरू होते.

माझा मुलगा हरेश तहसील कचेरीत कारकून. दोन हजार तीन साली त्यानं ठाण्याहून जुनी पांढरी गाडी आणली. गाडी त्याची, चालवायची मी, कारण कागदाशिवाय त्याला काही पुढं सरकवता येत नाही. (कागदही सावकाशच सरकतो, असं लोक म्हणतात.) गाडीत एसी होता. जव्हारच्या हवेत एसी म्हणजे विहिरीच्या तळाशी माठ. पण होता.

बटण दाबलं की पंखा घुमायचा, मग बॉनेटखाली टक व्हायचं आणि इंजिन जरा दबायचं. जीपमध्ये एखादं भारी माणूस चढलं की दबतं ना, अगदी तसं.

"हा कोण रे बसला फुकटचा?" मी हरेशला विचारलं.

"कॉम्प्रेसर आहे तो, बाबा. बटण दाबलं की टक करून इंजिनाचा पट्टा धरतो. मग गार हवा येते."

"म्हणजे चालायचं इंजिनानं आणि हा नुसता धरून बसणार."

"तुमच्या जीपला मागं लोंबकळायचे तेही धरूनच असायचे की!"

पोरगा शिकलेला आहे.

त्या साली पोशेऱ्याच्या बोहाड्याला, म्हणजे देवांच्या सोंगांच्या जत्रेला, आम्ही त्याच गाडीनं गेलो. पोशेरा म्हणजे माझ्या बायकोचं, सोमीचं माहेर. तिचा भाऊ कान्हा आणि वहिनी रंगू तिथं असतात. बावीस वर्षांत सोमी माझ्या जीपमध्ये कायम मागं बसली, पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या घेऊन. पुढची सीट मास्तरांची, नाहीतर तलाठ्याची. डायवरच्या बायकोनं पुढं बसलं तर धंदा कसा व्हायचा? पण ही गाडी घरची. मी तिला पुढं बसवलं. बटण तिनंच दाबलं. टक झालं, तोंडावर गार वारा आला आणि ती हसली. लग्नातसुद्धा ती इतकी हसली नव्हती. (लग्नात तिनं माझ्याकडे बघितलं होतं, हेही कारण असेल.)

येताना दुपार होती. गाडीत आम्ही आठजण, शिवाय भावानं दिलेलं तांदळाचं पोतं. सोमी गार वाऱ्यात वेस ओलांडायच्या आत झोपली. घाटात गाडी दमली. माझा उस्ताद सांगायचा, घाटात गाडी दमली तर तिला शिव्या देऊ नको, वजन उतरव. मी मागच्या चौघांना उतरवून चालायला लावलं. तरी गाडी धापा टाकतच होती. मग मी बॉनेट उघडलं, जरा हात फिरवला आणि गाडी सरसर चढली.

"डायवरचा हात!" चालणारे चौघं खालून ओरडले.

सोमीची झोप मोडू नये म्हणून मी तिच्या बाजूची काच हळूच खाली केली.

दोन दिवसांनी सोमी टेलरकडून तोंड पाडून आली. बोहाड्याला वहिनीनं तिला साडीबरोबर हिरवा, लाल काठाचा खण दिला होता.

"वीतभर उणा हाय," ती म्हणाली. "टेलर म्हणतो, बाह्याच होणार नाय. वहिनीनं मना उणा खण दिला!"

माहेरचा खण उणा म्हणजे मान उणा. अशा वेळी शहाणा नवरा म्हणतो, दुकानदारानं कमी फाडला असेल. मी म्हणालो, "तुझी वहिनी पहिल्यापासून आखडत्या हाताची. आमटीत डाळ शोधायला बॅटरी लागते."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. सोमीलाही आवडलं असावं, कारण तिनं एसटीडी बूथवर जाऊन ते भावाला जसंच्या तसं ऐकवलं. त्या दिवसापासून पोशेरा बंद. दोन महिने ना निरोप, ना बोलणं.

वैशाखात कान्हा स्वतः आला. त्याच्या मुलाचं, सुकऱ्याचं लग्न ठरलं होतं. अक्षता सोमीच्या पुढ्यात ठेवून तो उंबऱ्याजवळच बसला.

"बाय, तू नाय आलीस तं हळद कोण लावील? फुई तूच ना त्याची?" (फुई म्हणजे आत्या.)

"वहिनीला सांग, जेवढा खण कापून ठेवलास तेवढीच हळद लाव."

"ती शपथ घेऊन सांगते, खण पुरा दिला."

"मग काय उंदरानं मोजून खाल्ला?"

कान्हानं माझ्याकडे बघितलं. "दाजी, या वेळी नाय आली तं पुढं माझ्याच्यानंही बोलवायला येववायचं नाय." आणि तो उठून गेला.

त्या संध्याकाळी सोमी चुलीपाशी पाठ करून बसली होती. रडत नव्हती. भाकरी मात्र करपू दिली, आणि सोमीची भाकरी कधी करपत नाही. मला ते बघवेना. म्हटलं, "सोमे, तुला गार गाडीतून नेतो. काचा बंद, धूळ नाही, घाम नाही. मांडवाच्या दारात नवरीसारखी उतर."

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. मग म्हणाली, "आवाज येईल ना? टक?"

"येईल."

"तं येते. उणा खणही घेऊन येते. सगळ्यांदेखत वहिनीच्या ओटीत परत टाकते. पण घामाघूम होऊन तिच्यापुढं उभी राहणार नाय. टक नाय झालं, तं मी उतरून घरात जाईन. मग सुकऱ्याला हळद लावणारी दुसरी बघा."

म्हणजे बाईचं माहेर आता एका आवाजावर अडकलं होतं. उणा खण परत टाकायचं मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, मांडवात पोचल्यावर तिचं मन फिरेल. आधी पोचू तरी.

लग्नाला तीन दिवस होते, आणि बोहाड्यानंतर एसीला कुणी हात लावला नव्हता. मी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुमला, गरम वारा आला. टक नाही.

पुन्हा दाबलं. नाही. जरा मायेनं दाबलं. नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. बॉनेट उघडून कॉम्प्रेसरवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दांडा कानाला लावला. जुने मिस्त्री असंच ऐकतात. मला काहीच ऐकू आलं नाही, कान मात्र काळा झाला. मग त्याला पान्यानं हळूच ठोकलं. मग जोरात ठोकलं. (जीपला हा उपाय लागू पडायचा.) सोमी अंगणातून म्हणाली, "झालं का?"

"होतंय."

दुसऱ्या दिवशी फ्यूजचा डबा उघडला. फ्यूज सगळे शाबूत. शेजारी चार काळ्या डब्या, सारख्याच दिसणाऱ्या. त्यांना रिले म्हणतात. हरेशनं मला डब्यात डोकं घातलेलं बघितलं आणि म्हणाला, बाबा, एसीची बिघडली असेल, हॉर्नची काढून तिथं लावून बघा. मी अदलाबदल केली. टक नाही. पुन्हा जागच्या जागी बसवायला गेलो, तर डबा बंद करताना एक रिले माझ्या हातात उरली. गाडी तर चालू होत होती. मी ती खिशात टाकली.

संध्याकाळी बाजारपेठेत एक म्हैस आडवी आली. मी हॉर्न दाबला. हॉर्न गप्प. मग काच खाली करून मी तोंडानंच ओरडलो. म्हैस बाजूला झाली, पण पानवाला म्हणाला, "जिवूदादा, नव्या गाडीत हॉर्न नाय देत का?"

तिसरा दिवस विचार करण्यात गेला. गौतमला विचारावं, हा तो विचार. स्टँडजवळ गौतमचं वायरिंगचं दुकान होतं. पण हा गौतम आठ वर्षं माझ्या जीपवर क्लीनर होता. टायर कसा खोलायचा ते मी त्याला शिकवलं. त्याच्यापुढं 'मला समजत नाही' म्हणायचं? मी दुकानावरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, "दादा, काय हरवलं का?"

"काही नाही. पाय मोकळे करतोय."

लग्नाची सकाळ उजाडली. हरेश आदल्या दिवशीच पोशेऱ्याला मांडव घालायला गेला होता. सोमी नवी साडी नेसून, तोंडाला पावडर लावून पुढच्या सीटवर बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत उणा खण. तिनं बटण दाबलं. गरम वारा. ती थांबली. पुन्हा दाबलं. मग दार उघडून एक पाय खाली ठेवला.

"थांब," मी म्हणालो. "स्टँडवर एक मिनिटाचं काम आहे."

गौतमनं काही विचारलं नाही, तेवढा तो चांगला. त्यानं टेस्टर लावला, डबा उघडला, एसीची रिले नीट बसवली. "ही ठीक आहे. गॅस बघू." नळीवरची टोपी काढून त्यानं पिन दाबली. मी नेमका वाकून बघत होतो. फुस्स! मिशी गार पडली. त्या गाडीची दोन महिन्यांतली पहिली गार हवा माझ्या मिशीला मिळाली.

"गॅस आहे. रिलेपर्यंत करंटही आहे. म्हणजे रिले ते कॉम्प्रेसर मध्येच कुठंतरी तुटतोय." तो गाडीखाली शिरला. जरा वेळानं खालून हसू आलं.

"दादा, कॉम्प्रेसरची वायर कुणीतरी काढून ठेवलीय. लोंबू नये म्हणून वर पायपाला बांधलीय."

"ठाण्याचा मालक!" मी ताबडतोब म्हणालो. "शहरातली माणसं! विकताना काय काय काढून ठेवतील, नेम नाही."

"बांधलंय मात्र फडक्यानं."

"तिकडं नीट सामान वापरत नाहीत."

"आन गाठ," गौतम म्हणाला, "ही टपावर बकरी बांधायची गाठ हाय. ही तर मना तुम्हीच शिकवलेली."

तेव्हा कुठं आठवलं. घाट. चौघं उतरवले. पाचवा पाशिंजर, तो फुकटचा कॉम्प्रेसर, बॉनेटखाली बसला होता; बटण बंद करायचं सुचलंच नाही, वायर काढून त्यालाही उतरवलं. वायर बांधायला मागच्या सीटवरच्या पिशवीत हात घातला, फडकं लागलं, दातानं पट्टी फाडली आणि उरलेलं परत कोंबलं. गाडी पुसायच्या फडक्याची पिशवी आणि सोमीची पिशवी, दोन्ही एकाच दुकानाच्या होत्या. एवढं सगळं माझ्या हातानं केलं आणि डोक्याला कळवलंच नाही. (डायवरचा हात!)

गौतमनं वायर जोडली. बॉनेटखाली आवाज झाला.

टक.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. गौतम गाडीखालून निघाला. त्याच्या हातात ती पट्टी होती. काळी झालेली, पण एका कडेला लाल काठ दिसत होता.

सोमी खाली उतरली. तिनं पट्टी त्याच्या हातातून घेतली. पिशवीतून खण काढला, बॉनेटवर पसरला आणि पट्टी त्याच्या फाटक्या कडेला लावली. काठाला काठ जुळला. वीतभर. माझे दात कुठं लागले होते, तेसुद्धा जुळलं.

"सोमे," मी म्हणालो, "दोन पिशव्या एकाच दुकानाच्या..."

तिनं माझ्याकडे बघितलं. आमटीत डाळ शोधायची बॅटरी माझ्या तोंडावर मारावी, तसं बघितलं. पट्टी खणात ठेवून घडी घातली, घडी पिशवीत टाकली.

पोशेऱ्याची जीप समोरच भरत होती. मी गाडीत बसून काचा लावल्या, म्हटलं येईल, गार वाऱ्याला येईल. आत इतकं गार झालं होतं, तरी मला दरदरून घाम सुटला. पुसायला फडकं शोधलं, तर ते पिशवीतून माहेरी निघालं होतं. तिला हाक मारायला हॉर्न दाबला. हॉर्न माझ्या खिशात होता.

सोमी भर उन्हातून चालत जीपपर्यंत गेली आणि मागच्या बाजूला, कोंबड्यांशेजारी जाऊन बसली.