एक हजार एक बाटल्या

एका जंगलात रक्त फार होतं, मुलांनो. सांडलेलं नव्हे, बाटल्यांत भरलेलं. ते आलं कसं आणि गेलं कुठं, तेवढं ऐका. मध्येच चुळबुळ करायची नाही.

त्या जंगलात शलाका नावाची सायाळ होती. सात डोंगरांपलीकडे शिकून आलेली. एकाचं रक्त दुसऱ्याला कसं द्यायचं, यावर तिचं संशोधन होतं. पानावर थेंब घेऊन ती रक्ताचा गट ओळखी. पाठीवरचा पोकळ काटा उपटून त्याचीच सुई करी. "रक्ताला जात नसते हो, गट असतो," असं ती भेटेल त्याला सांगे. तिकडे तिला मोठी गुहा मिळत होती. पण ती परत आली, कारण इकडच्या हरणींच्या पापण्या आतून पांढऱ्या होत्या.

सगळ्यांत फिकी सुगंधा. तिला पंडुरोग होता, म्हणजे अंगात रक्त कमी. त्यात ती गाभण.

"जेवतेस केव्हा?" शलाकानं विचारलं.

"सगळ्यांचं झालं की."

"मग उरतं काय?"

"डॉक्टरीणबाई," सुगंधा हसून म्हणाली, "तुमचं लग्न झालेलं दिसत नाही."

शलाकानं तिला शेवग्याचा पाला आणि लोहाचा काढा सुरू केला. गुण येत होता, पण हळूहळू. दिवस भरायला पंचेचाळीस दिवस उरले होते. त्या वेळी दोन बाटल्या रक्त हाताशी नसलं, तर सुगंधा वाचणार नव्हती.

तेवढ्यात महाराजांचा वाढदिवस आला. महाराज म्हणजे सिंह. उत्सव समितीचा अध्यक्ष तरस. शेजारच्या जंगलानं एका दिवसात हजार बाटल्या रक्त गोळा केलं होतं. तरसानं जाहीर केलं, "आपण हजार एक करायच्या!"

शलाका धावत गेली. "तरसभाऊ, रक्त पस्तीस दिवसच टिकतं. आणि एकदा दिलं की तीन महिने परत देता येत नाही. सगळ्यांचं एकाच दिवशी काढू नका. रोज दहा जणांचं घेऊ."

"रोज दहा? मग महाराजांनी रोज फीत कापायची का, ताई?"

"अहो, सुगंधाला पंचेचाळिसाव्या दिवशी लागणार आहे!"

"तिला म्हणावं, जरा अलीकडे घे."

शिबिर दणक्यात झालं. प्रत्येक रक्तदात्याला हेल्मेट मिळालं. सशांचे कान बाहेरच राहिले. शलाका दिवसभर टोचत होती. तिची पाठ अर्धी बोडकी झाली. महाराज दिवसभर पंजा हलवत होते. तरस फोटोत हसत होता. या तिघांचं रक्त तेवढं द्यायचं राहून गेलं.

पुढच्या महिन्याभरात सात बाटल्या लागल्या. छत्तिसाव्या दिवशी उरलेल्या नऊशे चौऱ्याण्णव ओढ्यात ओतल्या.

"जपून ओता," तरस म्हणाला. "बाटल्या परत लागतील."

पंचेचाळिसाव्या दिवशी सुगंधा बाळंत झाली. रक्त थांबेना. तिच्या गटाचे एकोणीस प्राणी जंगलात होते, पण सगळ्यांनी वाढदिवसाला दिलेलं. तरसाचा गट वेगळा. उरले दोघे : शलाका आणि महाराज.

शलाकानं आपलाच काटा आपल्यालाच टोचून एक बाटली भरली. ती सुगंधाला लावली आणि झोकांड्या खात महाराजांच्या गुहेत गेली.

"महाराज, एक बाटली हवी. तुमचा आणि तिचा गट एकच आहे."

"हरणीचा आणि आमचा?" महाराज दचकले.

"महाराज प्रेरणा देतात, ताई," तरस मध्ये पडला. "रक्त प्रजा देते."

महाराजांनी काट्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "दुखतं का गं?"

"मुंगी चावल्याइतकं."

"लाल मुंगी की काळी?"

पंजा पुढे येता येता मागे गेला. मग विचारविनिमय झाला. शलाका रिकामी बाटली घेऊन परतली, तेव्हा पाडस लटपटत्या पायांवर उभं होतं. सुगंधा उठली नाही.

जंगल हळहळलं. महाराजांचे डोळे खरोखर पाणावले. सुगंधाच्या स्मरणार्थ त्यांनी बाराव्या दिवशी रक्तदान शिबिर जाहीर केलं, आणि तीन महिन्यांची अट खास बाब म्हणून शिथिल केली.

तरस शलाकाकडे निमंत्रण घेऊन आला. पत्रिकेवर तिचं नाव ठळक छापलं होतं.

"मी टोचणार नाही," शलाका म्हणाली. "प्राण्यांच्या अंगात रक्त राहिलेलं नाही. त्यांच्या पापण्या बघा, भाऊ!"

"काही हरकत नाही, ताई," तरस गोड हसला. "डासांनी विनामूल्य सेवा देऊ केली आहे."

तात्पर्य : मुलांनो, आजारी जरूर पडावं, पण महाराजांच्या वाढदिवसाची तारीख बघून पडावं. भलत्या दिवशी मरणारे प्राणी विक्रमाला गालबोट लावतात.