साडूची गाडी आणि फ्यूजसाहेबांची जागा

साडूंनी विजेवर चालणारी गाडी घेतल्याचं फ्यूजसाहेबांना बायकोकडून कळलं, आणि तेही जेवताना. "धाकटीचा फोन आला होता. इतकी शांत आहे म्हणे, दारात आली तरी कळत नाही," ती म्हणाली आणि उगाचच खिडकीतून खाली उभ्या असलेल्या स्कूटरकडे बघत राहिली. ती स्कूटर कोपऱ्यावर वळली की अख्ख्या गल्लीला कळायचं. फ्यूजसाहेबांनी पुढचा घास न चावताच गिळला.

दोघे साडू एकाच कारखान्यात होते. कारखाना बाटल्यांची झाकणं बनवायचा. साडू खरेदी विभागातल्या गार खोलीत बसायचे आणि फ्यूजसाहेब विजेचं खातं सांभाळायचे. कुठलंही मशीन बंद पडलं की ते आधी "फ्यूज बघा" म्हणत, म्हणून हे नाव पडलं होतं. साडू वयाने लहान, नोकरीतही मागून आलेले, पण कुठलीही नवी वस्तू यायची ती पहिल्यांदा त्यांच्याच घरी. मग तिचं कौतुक फ्यूजसाहेबांना रोज ताटावर बसून ऐकावं लागे. बायकोने एकदा तरी आपलं असं कौतुक कुणाला तरी फोनवर सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती काही पुरी होत नव्हती.

तशात मालकांनी कामावर येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी कारखान्यातच चार्जिंगची सोय करायचं ठरवलं, आणि ते काम साहजिकच फ्यूजसाहेबांच्या गळ्यात पडलं. म्हणजे ज्या गाडीमुळे पोटात दुखत होतं, तिच्याच खाण्यापिण्याची व्यवस्था त्यांनी बघायची. साडू लगेच पॅनेलरूममध्ये हजर झाले.

"साडूबुवा, गेटजवळच्या झाडाखाली करा की. सावली आहे, ऑफिसही जवळ."

त्या झाडाखाली फ्यूजसाहेबांची स्कूटर उभी राहत असे. अख्ख्या कारखान्यात आपली म्हणावी अशी त्यांची तेवढीच जागा होती.

"बघतो," ते म्हणाले, आणि त्यांनी खरंच बघितलं. सगळं आवार पायी फिरून त्यातली सगळ्यात वाईट जागा शोधून काढली. कॉम्प्रेसरच्या खोलीमागे, भंगाराच्या ढिगाला लागून, कानठळ्या बसवणारी आणि दिवसभर उन्हाची. मालकांना त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ट्रान्सफॉर्मर तिथून जवळ आहे, केबल कमी लागेल. हे खरंही होतं, त्यामुळे खोटं बोलल्याची टोचणीसुद्धा लागली नाही.

पहिल्याच दिवशी साडूंच्या चाकात पत्र्याचं कात्रण घुसलं. फ्यूजसाहेब मदतीला धावले, भरपूर हळहळले, आणि दुपारी डबा चाटूनपुसून खाल्ला. संध्याकाळी मालकांनी हुकूम काढला की भंगार तिथून हलवा. हलवायचं कुठे, तर ट्रक भरायला सोपं जाईल अशा ठिकाणी, म्हणजे गेटजवळच्या झाडाखाली. दुसऱ्या दिवशी भंगार सावलीत होतं आणि स्कूटर उन्हात.

पुढे तर ते ज्याला हात लावतील ते साडूंच्या पथ्यावर पडू लागलं. चार्जिंगची गाडी एवढ्या उन्हात नको, असं सुरक्षा अधिकारी म्हणाले तेव्हा फ्यूजसाहेबांनी तावातावाने मान डोलावली, कारण आता जागा रद्दच होणार असं त्यांना वाटलं. जागा राहिली आणि वर छप्पर आलं. मग त्यांनी साडूंच्या कानात सोडलं की या आवाजाने डोकं उठत असेल, तक्रार करा. साडूंनी केली, तर जुना कॉम्प्रेसर जाऊन नवा, कुजबुजल्यासारखा चालणारा आला. ऑफिसला जायला फार वळसा पडतो, ही कुरकुरही फ्यूजसाहेबांनीच पसरवली. त्यावर मागची भिंत फोडून दार केलं गेलं आणि ते नेमकं कँटीनमध्ये उघडलं. आता साडू गाडीतून उतरले की समोर चहा तयार असे. फ्यूजसाहेब स्कूटरच्या सीटवर टाकायला घरून गोणपाट आणू लागले. आतून साडू आणि खालून सीट, असे ते दोन्हीकडून भाजून निघत होते.

सगळी सोय पूर्ण झाली तेव्हा मालकांनी घरच्या मंडळींनाही चहाला बोलावलं. साडू नवा शर्ट घालून आले होते. कारखान्यातली पहिली गाडी त्यांची, तेव्हा सत्कार आपलाच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मालकांनी मात्र फ्यूजसाहेबांना पुढे बोलावलं.

"ही जागा यांनी निवडली. भंगारासाठी स्वतःची सावली सोडली, रोज उन्हात गाडी लावली आणि चकार शब्द काढला नाही. ते कुणासाठी, तर साडूंच्या गाडीसाठी."

मग त्यांनी कँटीनच्या दारालगतच्या जागेवरच्या पाटीचं कापड ओढलं. पाटीवर लिहिलं होतं, 'राखीव: विद्युत विभागप्रमुख'. रोज तिथे साडूंची गाडी उभी असायची.

"भाऊजींकडून शिका जरा," मेहुणी साडूंना म्हणाली. "तुम्ही कधी कुणासाठी उन्हात उभे राहिलात का?" साडूंचा चहा तसाच गार झाला.

"घरी कधी बोलला नाहीत," बायको हळूच म्हणाली.

"त्यात बोलून काय दाखवायचं," फ्यूजसाहेब म्हणाले. निदान हे तरी ते मनापासून बोलले.

अडचण एवढीच होती की छपराखाली विजेच्याच गाड्या लावायच्या असा नियम होता. त्यामुळे स्कूटर होती तिथेच, गोणपाटासकट उन्हात राहिली आणि राखीव जागा रिकामी. साडूंना छपराच्या पार टोकाची जागा मिळाली. तिथे गाडीच्या नाकावर ऊन येई. ते रोज सकाळी त्या रिकाम्या जागेपाशी रेंगाळत.

"साडूबुवा, तुमची जागा नुसतीच पडून असते. मी लावली तर?"

"मी नाही म्हणत नाही हो," फ्यूजसाहेब हळहळत म्हणत. "पण राखीव आहे ना."

एका रात्री ते जेवायला बसले तेव्हा बायको कुणाशी तरी फोनवर बोलत होती. "अहो, स्वतःची सावली दिली यांनी," हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. फोन ठेवून ती वाढायला आली.

"मी म्हणते, आपणही आता घेऊनच टाकू तसली गाडी. जागा तर तयारच आहे."

फ्यूजसाहेबांनी विचार केला. गाडी घेतली की जागा भरणार. भरली की तिच्याकडे बघत उभं कोण राहणार?

"राहू दे रिकामी," ते म्हणाले, आणि पुढचा घास त्यांनी अगदी सावकाश चावून खाल्ला.