शेवंताक्काच्या गिरणीतले परग्रह

अनगोळात शेवंताक्काच्या गिरणीत दळण घेऊन गेलात, तर ती आधी विचारते, "घाई हाय?" तुम्ही हो म्हणालात की तुमचा डबा रांगेत सगळ्यात मागे जातो. नाही म्हणालात तर नंबर लगेच लागतो, पण मग धान्य पडल्यापासून पीठ डब्यात येईपर्यंत तिथंच उभं राहून एक गोष्ट ऐकावी लागते. गोष्ट साधीसुधी नसते. तिच्यात यानं असतात, दोन डोक्यांची माणसं असतात, नाहीतर उद्याचं वर्तमानपत्र आजच दारात येऊन पडतं. डबा ठेवून बाजारात सटकायची सोय नाही. माझ्या मेहुण्यानं एकदा तसं केलं, तर त्याच्या गव्हाच्या पिठात नाचणी निघाली. चुकून झालं, असं आक्का आजही म्हणते.

तिची प्रत्येक गोष्ट "समज" या शब्दानं सुरू होते. "समज रव्या, तुझी सावली सकाळी लवकर उठली आणि तुझ्याआधी हापिसात जाऊन बसली." मी विम्याच्या कचेरीत कारकून आहे. माझी सावली एवढी कामसू निघाली तर मी अर्धा पगार तिला देईन, असं मी म्हणालो. आक्कानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. गोष्टीच्या मधे तोंड घातलेलं तिला खपत नाही. "हितं पीठ काढायचं, खुसपट न्हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य आहे.

या सगळ्या गोष्टींचं उगमस्थान म्हणजे गिरणीच्या भिंतीतला कोनाडा. तिथं विज्ञानकथांचे आणि अद्भुतकथांचे संग्रह कोंबलेले आहेत, बहुतेक रद्दीवाल्याकडून आलेले. कुठलंही पान उलटलं की आधी पीठ उडतं, मग अक्षरं दिसतात. मुखपृष्ठांवर तिचा फार राग. बाहेर हिरवा माणूस काढायचा आणि आत शेवटपर्यंत एकही हिरवा माणूस आणायचा नाही, ही तिच्या मते शुद्ध फसवणूक आहे. अशा एका पुस्तकात मग तिनं स्वतःच हिरवा माणूस घातला. त्याला कथेत काही काम नव्हतं. तो नुसता येऊन चहा पिऊन गेला.

कादंबरी मात्र तिला चालत नाही. कादंबरी गिरणीला सोसत नाही, असं ती सांगते. एकच जग, तेच नवराबायको, आणि चार महिने झाले तरी गाडी अजून त्याच ग्रहावर. संग्रहाचं बरं असतं. एक जग आवडलं नाही तर पान उलटायचं, दुसरं जग तयार. शिवाय माप बसतं. किलोभर नाचणीला चार पानांची गोष्ट, घरच्या गव्हाला मध्यम. लग्नाघरचं दळण असेल तर काळात मागेपुढे जाणारी, कारण जायला आणि यायला वेळ लागतो. मला हे पटतं. मी स्वतः एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली होती. तिच्यावर सध्या आमचा मिक्सर उभा आहे.

पुस्तकातलं गाव कुठलंही असो, आक्काच्या तोंडून ते आमच्याच तालुक्यात येतं. यान उतरतं बेळगुंदीला, रताळ्याच्या शेतात, आणि शेतकरी आधी नुकसानभरपाई मागतो. परग्रहावरची माणसं फार हुशार, विश्वाचं कोडं सोडवून आलेली. पण त्यांच्याशी पहिल्यांदा कन्नडात बोलायचं की मराठीत, यावर गावात दोन बैठका होतात. तोवर ती कंटाळून निघून जातात. "शाणी हुती," आक्का म्हणते, आणि डबा पुढे सरकवते.

दोन गोष्टींत मात्र ती गंमत चालू देत नाही. एक, रिकामी गिरणी फिरवायची नाही. धान्य संपत आलं की तिचा हात बटणावर गेलेलाच असतो. आत दाणा नसला की दगड दगडाला खातो, असं ती दरडावून सांगते. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा आवाज. गिरणीच्या खडखडाटात ओरडावं लागतं हे ठीक, पण गिरणी थांबली तरी तो खाली येत नाही. मी आधी समजत होतो की आयुष्य गिरणीत गेल्यामुळे कान गेले असतील. तसं नव्हतं. पत्र्याच्या आडोशामागे तिचे यजमान झोपलेले असतात, आणि गोष्ट तिथवर पोचवायची असते.

त्यांना सगळं अनगोळ आप्पा म्हणतं. गिरणी मुळात त्यांची, पुस्तकं त्यांची आणि दळणावर गोष्ट सांगायची खोडही त्यांचीच. मी शाळेत असताना आप्पांकडून गोष्टी ऐकल्या आहेत. आक्का जितकी पसरट, तितके आप्पा कोरडे. शेवट जसा छापलाय तसाच सांगायचे. गडी मेला असेल तर "मेला. फुडचा डबा." एखादी बाई हळहळली की म्हणायचे, "गोड पायजे तर कुंदा खावा. गोष्टीत कशाला?"

काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचाही गेली, फक्त एक शब्द उरला, "व्हय." चहा पाहिजे का, व्हय. दुखतंय का, व्हय. आज अमावास्या आहे का, तरी व्हय. आप्पांना आता काही समजत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टरलाच काही समजत नाही, असं आक्कानं सांगितलं. पण तिचा मुलगा डॉक्टरांच्या बाजूचा. तो हुबळीला असतो, दर महिन्याला येतो आणि तेच म्हणतो: बाबांना काही कळत नाही, तू कुणासाठी घसा फोडतेस? गिरणी विकून टाक आणि दोघं माझ्याकडं चला. मुलगा वाईट नाही, बोलणंही वावगं नाही. म्हणून तर आक्काला उत्तर देता येत नव्हतं. आप्पा आत आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न होता, आणि त्याला आप्पांचं एकच उत्तर होतं, व्हय.

परवा दुपारी मी ज्वारी घेऊन गेलो. माझ्यामागे दोघी बायका होत्या. आक्कानं सुरू केलं: समज, एक गडी लांबच्या चंद्रावर दिवा लावायला गेला. तिथून येणाजाणाऱ्या यानांना वाट दिसावी म्हणून. दिवा लागला, पण त्याचं यान बिघडलं. इकडे त्याची बायको रोज अंगणात येऊन तो दिवा बघते. पीठ पडत होतं, बायका माना डोलावत होत्या, आणि गडी हळूहळू यान दुरुस्त करून निघालाही. लोंढ्याला गाडी बदलून खानापूरमार्गे घरी आला आणि दारातनंच म्हणाला, भाकरी हाय का?

धान्य संपलं, आक्कानं बटण दाबलं, गिरणी थांबली. आणि मला गप्प बसवेना. ही गोष्ट मला चांगली आठवत होती. आप्पांकडून ऐकून मी घरी जाऊन रडलो होतो.

"आक्का, तो परत येत नाही," मी म्हणालो. "दिवा तेवढा जळत राहतो. आप्पा तसंच सांगायचे."

"तवा आप्पा पायावर उभं हुतं," आक्का म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आलेला मी ऐकला. "उभ्या माणसाला कसला बी शेवट चालतोय, रव्या."

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण मागच्या दोघींपैकी एकीला राहवलं नाही. तिनं विचारलं, मग पुस्तकातलं खरं काय? आक्कानं पदरानं हात पुसले. पुस्तक कोनाड्यात होतं, हात पुढे केला असता तर मिळालं असतं. तिकडे न बघता ती पत्र्यामागे गेली. आडोसा अर्धाच, त्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अवो," ती म्हणाली, "रव्या म्हणतोय दिवा लावाय गेलेला गडी परत येत न्हाय. पुस्तक तुमचं. तुमीच सांगा. आला का न्हाय आला?"

आम्ही तिघंही व्हय ऐकायच्या तयारीनं उभे होतो. आप्पांनी मान वळवायला बराच वेळ घेतला. तोंड वाकडं झालं, गळ्याची शीर वर आली. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला खोटा शेवट सांगितला नाही, तो माणूस आपल्या बायकोकडे बघत होता.

"आला," आप्पा म्हणाले.

आक्का बाहेर आली. माझ्या डब्याचं झाकण तिनं घट्ट लावलं, मग परत उघडून परत लावलं. "ऐकलंस न्हवं?" एवढंच म्हणाली. मागच्या बाईनं आपला गव्हाचा डबा पुढे केला होता, पण आक्कानं तो घेतलाच नाही. ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिनं बटण दाबलं.

आत एक दाणा नव्हता. गिरणी रिकामीच खडखडत राहिली, इतकी की तिच्यापलीकडचं काही ऐकू येऊ नये. आम्ही तिघं आपापले डबे धरून उभे राहिलो. घाई कुणालाच नव्हती.