बाई, सर आणि एक ऑक्सिजन

पाण्याच्या रेणूतला डावीकडचा हायड्रोजन सकाळपासून सारखा गळून पडत होता आणि तो पडला की प्रयोगशाळेत एकटे उभे असलेले रसायनशास्त्राचे सर तो पुन्हा जागेवर बसवत होते. रेणू लाकडाचा होता. मुठीएवढा लाल चेंडू म्हणजे ऑक्सिजन, त्याला खोचलेले दोन छोटे पांढरे चेंडू म्हणजे हायड्रोजन. शाळेकडे हा एकच रेणू होता आणि पिढ्यान्‌पिढ्या हाताळून त्याची भोकं सैल झाली होती. पुढच्या तासाला सरांना नववीच्या वर्गावर 'अणू एकमेकांना का आणि कसे जोडले जातात' हा पाठ द्यायचा होता, आणि तो बघायला संस्थेचे निरीक्षक येणार होते.

सर हंगामी होते. पाठ पसंत पडला तर नोकरी कायम, नाही पडला तर सुट्टीनंतर घरीच बसा, असं त्यांना स्वच्छ सांगण्यात आलं होतं. निघताना बायको म्हणाली होती, "विषय तुला येतो. फक्त घाबरू नकोस." हे म्हणजे माशाला भिजू नकोस म्हणण्यासारखं झालं. सर जन्माचे भित्रे. फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ करायचीसुद्धा त्यांना धास्ती वाटे. मुलं त्यांना 'अष्टक सर' म्हणत, कारण अणू का जोडले जातात असं कुणी विचारलं की ते घाईघाईने "बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन हवेत, अष्टक पूर्ण करायला," एवढं पुटपुटून पुढच्या मुद्द्यावर पळ काढत.

आणि निरीक्षक तर नेमके 'का'साठी कुप्रसिद्ध. निवृत्त प्राध्यापक माणूस. मागच्या बाकावर गप्प बसायचा, सगळं ऐकून घ्यायचा, मग चष्मा काढून एकच शब्द विचारायचा. गेल्या खेपेला त्या एका शब्दापायी भौतिकशास्त्राच्या सरांची बोबडी वळली होती. ते आता मेहुण्याच्या दुकानात पंखे विकतात आणि पंखा का फिरतो असं गिऱ्हाइकाने विचारलं तरी दचकतात, असं शिक्षकांच्या खोलीत सांगितलं जाई.

सरांनी सुपरग्लूची नळी उघडली. डाव्या तळव्यात ऑक्सिजन धरला, उजव्या हाताने भोकात एक थेंब सोडायला गेले.  थेंबाऐवजी अर्धी नळी बाहेर आली आणि चेंडूवरून ओघळत तळव्यावर पसरली. त्याच क्षणी दार उघडून मुख्याध्यापिका आत आल्या.

मुख्याध्यापिका बाईंबद्दल एवढंच सांगितलं म्हणजे पुरे की त्यांचं वाक्य मध्येच तोडायची या शाळेत कुणाची छाती नव्हती. बाईंची वाक्यं लांब असत. त्यांत पोटवाक्यं असत, जुन्या प्रसंगांचे दाखले असत. एकदा चित्रकलेचे सर मध्येच "पण बाई" म्हणाले होते, तर त्यांना वर्षभर वाहनतळावर सायकली लावून घेण्याचं काम मिळालं. बाईंचा दुसरा नियम असा की निरीक्षणाच्या पाठातली प्रत्येक वस्तू त्या आधी स्वतःच्या हाताने गच्च दाबून, हलवून बघत.

"सर, मागच्या वेळी भूगोलाच्या पाठात पृथ्वीचा गोल घरंगळत निरीक्षकांच्या पायाशी गेला होता, तेव्हापासून मी ठरवलंय," असं म्हणत बाईंनी उजवा हात पुढे केला आणि ऑक्सिजनची दुसरी बाजू तळव्यात गच्च धरली, "की कुणावर विश्वास म्हणून टाकायचा नाही, कारण विश्वास टाकला की माणसं निष्काळजी होतात, आणि निष्काळजीपणा एकदा का शाळेत शिरला..."

'बाई, गोंद आहे,' हे तीन शब्द सरांच्या घशापर्यंत आले. वाक्य संपायची वाट बघत ते तिथेच उभे राहिले. वाक्य भूगोलाकडून सहलीकडे गेलं, सहलीकडून पालकसभेकडे वळलं आणि शेवटी एकदाचं थांबलं.

"बाई, गोंद आहे," सर म्हणाले.

"कुठे?" बाईंनी हात मागे घेतला. हाताबरोबर ऑक्सिजन आला आणि ऑक्सिजनबरोबर सर.

 मग सरांनी खिशातून सुती रुमाल काढून बाईंच्या बोटांवर ओघळणारा गोंद पुसायला घेतला. सुती कापडाला हा गोंद लागला की भराभर घट्ट होतो आणि त्यातून चांगली धग निघते, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच हे मुलांना सांगितलं होतं. पण भ्यायलेल्या माणसाचं डोकं हाताच्या मागून धावतं. रुमालातून बारीक धूर निघाला.

"भाजतंय, सर. पाणी ओता."

"बाई, पाण्याने हा गोंद आणखी..."

"ओता म्हणते ना."

सरांनी ओतलं. ओलावा मिळाला की या गोंदाचे सुटे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या करतात, हेही सरांना ठाऊक होतं. धूर गेला. जे काही अजून ओलं होतं ते दगडासारखं झालं, आणि रुमालाचा एक कोपरासुद्धा कायमचा ऑक्सिजनला जाऊन मिळाला.

"आता हे सुटणार कशाने?" बाईंचा आवाज प्रथमच बारीक झाला.

"ॲसिटोनने. कपाटात बाटली असते."

"मग काढा."

"ती तुम्हीच हलवायला सांगितली, बाई. आग पकडणारं काही प्रयोगशाळेत नको म्हणालात. गोदामात आहे. गोदामाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बँकेत गेलाय. तुम्हीच पाठवलाय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एरवी अशा नजरेने सर दाराबाहेर पळाले असते, पण आता पळायला जागा नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात. इथे चावतही होतं आणि सोडताही येत नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून फाटकाशी एक जुनी गाडी थांबताना दिसली आणि तिच्यातून चष्मा लावलेला एक उंच म्हातारा उतरला.

"आले," बाई म्हणाल्या. त्यांचं हे बहुधा आयुष्यातलं सगळ्यात छोटं वाक्य असावं.

व्हरांड्यातून दोघं निघाले ते एका ओळीत, मध्ये ऑक्सिजन धरून. निघताना सरांनी मोकळ्या हाताने गळालेला हायड्रोजन परत खोचला होता, पण भोकात गोंद गेलाच नव्हता, त्यामुळे तो सैल खुळखुळत होता. आपला हात किती कापतोय, या विचाराने सरांना जास्तच कापरं भरलं. वाटेत भेटलेल्या गणिताच्या बाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि त्यांनी काही विचारलं नाही. या शाळेत मुख्याध्यापिका बाईंना कुणी काही विचारत नसे.

वर्गात मुलं उठून उभी राहिली. निरीक्षक मागच्या बाकावर बसलेच होते. बाईंनी घसा साफ केला. "आमच्या शाळेत मुख्याध्यापकसुद्धा पाठात सहभागी होतात," त्या म्हणाल्या आणि कधी नव्हे ते तेवढ्यावर थांबल्या.

सरांनी उजव्या हाताने फळ्यावर लिहायला सुरुवात केली. अणूचं केंद्रक, त्यावरचा धन भार, भोवतीचे ऋण भाराचे इलेक्ट्रॉन. वळावं लागलं की बाईंना बरोबर वळावं लागे. मुलं डोळे फाडून बघत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत बाईंचं आणि सरांचं चित्र काढून खाली 'पाणी' असं लिहिलं. सर वाक्यामागून वाक्य रेटत होते. कसंतरी शेवटाला पोचले. "तर अशा रीतीने अणू जोडले जातात," ते म्हणाले आणि खडू ठेवला.

मागच्या बाकावर चष्मा उतरला. "का?"

"अष्टक पूर्ण करायला," सर म्हणाले.

"तुमच्या हातात पाणी आहे. हायड्रोजनला दोन इलेक्ट्रॉन पुरतात, त्याचं कसलं आलंय अष्टक? आणि अणूला मोजता येतं का? आठ झाले की थांबायचं, हे त्याला कुणी सांगितलं?"

 ऐकू येत होता तो फक्त हायड्रोजन. खुळखुळ, खुळखुळ. सरांच्या डोळ्यांपुढे पंख्यांचं दुकान उभं राहिलं, बायको उभी राहिली. निदान हा आवाज तरी थांबावा म्हणून त्यांनी डावं कोपर टेबलावर रोवलं आणि उजव्या हाताने स्वतःचं मनगट गच्च आवळून धरलं. हात अगदी स्थिर झाला. हायड्रोजन खुळखुळतच होता.

सरांनी हळूच बाजूला पाहिलं. बाईंच्या वरच्या ओठावर घाम होता.

"मी यांचीच विद्यार्थिनी," बाई ओठ न हलवता कुजबुजल्या. "तोंडी परीक्षेत मला 'का' विचारलं होतं. मी अजून उत्तर शोधतेय. तुम्ही काहीतरी बोला, सर. माझ्याच्याने होत नाही."

सर या बाईंना घाबरत आले होते, आणि बाई त्यांच्याइतक्याच घाबरलेल्या निघाल्या. गंमत अशी की त्यामुळे सरांची भीती वाढली नाही, जरा उतरली. ते नकळत एक पाऊल मागे सरले. तळव्याची कातडी ताणली गेली आणि "आई गं" म्हणत बाई त्यांच्याकडे ओढल्या गेल्या. ओढल्या गेल्या त्या फारच जवळ आल्या. सर पुन्हा मागे सरले. असं एकदोनदा पुढेमागे झाल्यावर दोघंही एका ठरावीक अंतरावर आपोआप थांबले. तिथे कातडी दुखत नव्हती आणि धक्काही लागत नव्हता.

सर त्या अंतराकडे बघत राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "हा चेंडू आता ऑक्सिजन नाही. ही दोघांत वाटलेली इलेक्ट्रॉनांची जोडी समजा. मी एक अणू, बाई दुसरा. या जोडीला माझंही केंद्रक ओढतंय आणि बाईंचंही. मी लांब जायला बघतो तेव्हा ती मला मागे खेचते. म्हणून सुटता येत नाही."

"मग एकमेकांत घुसत का नाही तुम्ही?"

"केंद्रकांचे भार सारखे असतात. फार जवळ आलं की ती एकमेकांना ढकलतात." सर जरा अडखळले. "बाईंच्या फार जवळ गेलं की मला भीती वाटते, साहेब. अंग आपसूक मागे येतं. लांब जावं तर ओढ, जवळ जावं तर धक्का. पण मध्ये एक जागा आहे, तिथे सगळ्यात कमी त्रास होतो. आम्ही मोजलं नाही, ठरवलं नाही. हलत हलत तिथेच येऊन थांबलो. अणूही असेच थांबतात. एकेकटं असण्यापेक्षा तिथे ऊर्जा कमी असते. उरलेली बाहेर टाकली जाते."

"बाहेर टाकली जाते कशावरून?"

"मघाशी रुमाल तापला होता," बाई म्हणाल्या. हा पुरावा कुठल्याच पुस्तकात नव्हता, पण निरीक्षकांनी मान डोलावली.

"छान. आता बंध तोडून दाखवा."

दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

"जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी परत घातल्याशिवाय बंध तुटत नाही, साहेब," सर कसेबसे म्हणाले. "आणि ती सध्या गोदामात आहे."

निरीक्षक उठून पुढे आले. त्यांनी चेंडू निरखून पाहिला, रुमालाचा कोपरा पाहिला आणि मग त्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे आजवर कुणाला समजलेलं नाही. "इतकी वर्षं मी हा शब्द विचारतोय," ते म्हणाले. "अष्टकापलीकडे कुणी गेलं नव्हतं. तुमची नोकरी कायम समजा, सर."

सरांना रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात निरीक्षक दारातून वळले.

"मात्र हा पाठ संस्थेच्या बाकीच्या सगळ्या शाळांत द्यायचा. दोघांनी मिळून, असाच. तो फेरा पुरा झाला की कायमच्या आदेशावर सही करतो. आणि तिथे तोडूनही दाखवा. मी मागच्या बाकावर असेनच."

शिपाई बँकेतून आला, ॲसिटोनची बाटली आली, आणि बऱ्याच घासाघाशीनंतर ऑक्सिजन टेबलावर पडला. बाई आपल्या खोलीत जाऊन बसल्या. सर दाराशी घुटमळले. दोघांचेही तळवे लालभडक झाले होते. खोलीभर ॲसिटोनचा वास होता.

"या, बसा," बाई म्हणाल्या. सर समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकले. 

"सगळ्या शाळांत येणार म्हणाले ते?"

"हो, बाई."

"आणि प्रत्येक ठिकाणी विचारणार."

"विचारणारच."

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तुम्हाला भीती वाटतेय?"

"फार."

"मला पण," बाई म्हणाल्या. मग टेबलावरची फुलदाणी त्यांनी बाजूला सरकवली. "मग तिकडे एकटे कशाला बसलात, सर? खुर्ची जरा जवळ घ्या."

सरांनी घेतली. फार नाही.